धूसर नादाची ओढ

‘लव्हलेस’ हा अल्बम लंडनच्या क्रिएशन रेकॉर्ड्सने ४ नोव्हेंबर १९९१ रोजी प्रसिद्ध केला. माय ब्लडी व्हॅलेंटाइन हा मूळचा डब्लिनचा आणि पुढे लंडनला स्थायिक झालेला चौघांचा बँड. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत हा अल्बम २४ व्या क्रमांकापर्यंत पोचला आणि खाली आला. त्या हिवाळ्यात रॉक ऐकणाऱ्यांच्या तोंडी निर्व्हानाचं नाव होतं. अमेरिकेतल्या ‘स्पिन’ मासिकाने वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून टीनेज फॅनक्लबच्या अल्बमची निवड केली. तो बँडही क्रिएशनचाच. ‘लव्हलेस’ मात्र हळूहळू पसरत राहिला. १९९९ मध्ये ‘पिचफोर्क’ने दशकातल्या शंभर अल्बमची यादी केली तेव्हा तो पहिला होता. आज स्वप्नाळू, प्रयोगशील इंडी रॉकचा विषय निघाला की नवा अल्बम त्याच्याशीच ताडून पाहिला जातो.

असं का व्हावं, हे सहज उलगडत नाही. लोकप्रिय गाण्यात श्रोता ज्याला धरून राहतो, त्यातलं जवळजवळ काहीच इथे हाताला लागत नाही. शब्द कळत नाहीत. गाणारा आवाज बाईचा की पुरुषाचा, हे बऱ्याच ठिकाणी सांगता येत नाही. गिटार आहेत हे माहीत असतं, पण कानावर पडतो तो एक जाड, डळमळता नाद. एवढी सगळी अस्पष्टता असूनही हा अल्बम ऐकणारे त्याच्याकडे वर्षानुवर्षं परत येतात. गेल्या तीन दशकांत या ओढीची अनेक कारणं सांगितली गेली: पलायन, अमली पदार्थ, आईच्या उदराची आठवण, निव्वळ दंतकथा, आणि अलीकडे ‘मूड’. ही सगळी तपासून पाहायला हवीत. ‘छान मूड तयार होतो’ एवढ्यावर विषय सोडून दिला की या संगीतातली कारागिरीही दिसेनाशी होते आणि ऐकणाऱ्याचा त्यातला वाटाही.

सुरुवात कारागिरीपासून करू, कारण बाकीच्या चर्चेत तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

बँडचा सूत्रधार केविन शील्ड्स फेंडर कंपनीच्या जॅझमास्टर आणि जॅग्वार या गिटार वाजवतो. त्यांना ट्रेमोलो आर्म म्हणतात ती दांडी असते. दांडी दाबली की सगळ्या तारा एकदम सैल होतात, सोडली की पुन्हा ताणल्या जातात. इतर वादक एखाद्या जागी चव आणण्यापुरती ती वापरतात. शील्ड्स दांडी मुठीत धरून ठेवूनच तारा छेडतो, त्यामुळे प्रत्येक फटक्यासरशी अख्खा कॉर्ड किंचित खाली-वर घसरतो. आपल्याकडच्या मींडेत एक स्वर ठरवून दुसऱ्या स्वराकडे जातो. इथे पाच-सहा स्वरांचा समूह एकत्र हलतो आणि कुठेच जाऊन पोचत नाही. कानाला पट्टी सापडते, निसटते, पुन्हा सापडते. शिवाय तारा एकमेकींशी नेमक्या जुळलेल्या राहत नाहीत, आणि जवळजवळ सारख्या दोन कंपनसंख्या एकत्र वाजल्या की त्यांच्यातल्या फरकाइतकी स्पंदनं ऐकू येतात. ‘लव्हलेस’मधली ती सततची लाट पुष्कळ अंशी अशी तयार झाली आहे. कोरस, फ्लँजर यांसारख्या इफेक्टचे थर आपण चढवले नाहीत, आणि लोक समजतात तितक्या गिटारही एकावर एक रचल्या नाहीत, असं शील्ड्सने मुलाखतींतून पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

दुसरी गोष्ट आघाताची. वाद्य ओळखण्यासाठी कान सर्वांत जास्त भरवसा ठेवतो तो स्वर उमटतानाच्या पहिल्या क्षणावर. फ्रान्समध्ये पियेर शेफेर या संगीतकाराने १९४८ च्या सुमारास घंटेच्या ध्वनिमुद्रणातला टोल पडण्याचा क्षण कापून टाकला आणि उरलेला नाद घंटेचा वाटेनासा झाला. शील्ड्सने हेच गिटारच्या बाबतीत केलं. यामाहाच्या एसपीएक्स-९० या यंत्रात उलटा रिव्हर्ब मिळतो. त्यात घुमारा विरत जाण्याऐवजी वाढत जातो आणि छेडीची धार बोथट होते. ‘टु हिअर नोज व्हेन’ हे गाणं म्हणजे या तंत्राचं टोक. खाली दबलेला ढोलासारखा गडगडाट, वर गायिका बिलिंडा बुचरचा आवाज, आणि मधल्या सगळ्या जागेत सुरुवात नसलेला, नुसता फुगत-विरत राहणारा नाद. अल्बममध्ये बासरीसारखे किंवा सिंथेसायझरसारखे वाटणारे जे सूर आहेत, त्यांतले पुष्कळसे गिटारच्या फीडबॅकचे आहेत. तो फीडबॅक सॅम्पलरमध्ये भरला आणि कीबोर्डवर सुरांत वाजवला. एरवी ज्याला बिघाड म्हणून टाळलं जातं, त्यातून चाल बांधली गेली.

आवाजांवरही तेवढीच मेहनत आहे. बिलिंडा बुचर हिचं गाणं पुष्कळदा सकाळी साडेसातच्या सुमारास, ती नुकतीच झोपेतून उठलेली असताना मुद्रित केलं जाई, कारण त्या वेळी आवाजात राहिलेली सुस्ती हवी होती. गाताना स्टुडिओच्या काचेवर पडदा ओढलेला असे. इंजिनिअरांनासुद्धा गाणं पाहायला-ऐकायला मिळत नसे. मग एकाच ओळीची अनेक गायनं एकमेकांवर ठेवली जात. त्यामुळे उच्चारांच्या कडा विरघळतात आणि उरतो एक स्त्री-पुरुषपणाच्या पलीकडचा स्वर. मिक्सिंगमध्ये तो गिटारांच्या वर बसवलेला नाही, त्यांच्यात बसवला आहे. रॉकमध्ये गायक पुढे आणि वाद्यं मागे ही उतरंड इतकी पक्की होती की ती मोडल्याचा परिणाम अजूनही जाणवतो. आपल्याशी कुणी काही ठासून बोलत नाही आणि त्यामुळेच कान टवकारले जातात.

सगळं उत्तमच आहे असं मात्र नाही. ड्रमर कोलम ओ कीशोग त्या काळात आजारी होता. बहुतेक गाण्यांतला ठेका त्याच्याच वादनाचे तुकडे सॅम्पलरमध्ये भरून, लूप करून बसवला आहे. काही गाण्यांत तो सपाट वाटतो. त्याचा श्वास गिटारांच्या श्वासाशी जुळत नाही. बेसवादक डेबी गूज हिचं नाव श्रेयनामावलीत आहे, पण प्रत्यक्ष वादन बहुतेक शील्ड्सचंच. चौघांच्या बँडचा हा अल्बम खऱ्या अर्थाने एका माणसाच्या कानाची निर्मिती आहे. त्याची ताकद त्यातच आहे आणि कोंदटपणाही त्यातच.

१९८९ च्या सुरुवातीपासून १९९१ पर्यंत, जवळपास १९ स्टुडिओ बदलत हे काम चाललं. क्रिएशनचा मालक ॲलन मॅकगी याने पुढे अडीच लाख पौंड खर्च झाल्याचं सांगितलं. शील्ड्सला हा आकडा मान्य नाही. अल्बमने कंपनी बुडवली, ही गोष्ट त्यातूनच रुजली. १९९२ मध्ये क्रिएशनचा ४९ टक्के हिस्सा सोनीने घेतला हे खरं, पण त्याचा सगळा भार एका अल्बमवर टाकणं अन्यायाचं आहे. तरीही ही दंतकथा ‘लव्हलेस’च्या आकर्षणाचा भाग झाली, हे नाकारता येत नाही. पुढचा अल्बम ‘एम बी व्ही’ यायला २०१३ उजाडलं. एकवीस वर्षांच्या शांततेने ती कथा आणखी मोठी केली. पण दंतकथेमुळे माणूस अल्बम एकदा ऐकेल. विसाव्यांदा ऐकायला लावणारी गोष्ट अल्बममध्येच असायला लागते.

माझ्या मते ती गोष्ट म्हणजे गाणं. ‘व्हेन यू स्लीप’ किंवा ‘समटाइम्स’ साध्या अकूस्टिक गिटारवर वाजवून पाहा. दोन्ही ठिकाणी साठच्या दशकातल्या पॉपच्या वळणाची, सरळ, गुणगुणता येणारी चाल आहे. फक्त ती नादाच्या आत ठेवलेली आहे आणि बाहेर काढायचं काम ऐकणाऱ्यावर सोपवलेलं आहे. पहिल्यांदा ऐकताना भिंत ऐकू येते. मग तिच्यात एक रेघ दिसू लागते. नंतर ती रेघ म्हणजे चाल आहे हे उमगतं, आणि एकदा उमगल्यावर ती पुन्हा हरवत नाही. शब्दांचंही तसंच. गाण्यांचे शब्द अल्बमसोबत छापलेले नव्हते, त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या कानाने ओळी भरल्या. दोन श्रोत्यांनी मनात धरलेला ‘लव्हलेस’ अगदी सारखा नसतो. आपण अर्धं काम केलेलं असतं, म्हणून तो आपला वाटतो. या सबंध प्रकारातले टिकलेले आणि विसरले गेलेले अल्बम शेजारी ठेवले की फरक दिसतो तो इथेच. नादाचा पडदा अनेकांना विणता आला. त्यामागे शोधण्याजोगी चाल फार थोड्यांनी ठेवली.

हा नाद आला कुठून, हे पाहताना एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. शील्ड्सच्या आधी जीझस अँड मेरी चेन या स्कॉटिश बँडने १९८५ च्या ‘सायकोकँडी’त गोड चालींवर फीडबॅकचा मारा केला होता. त्यांच्यामागे उभा होता न्यूयॉर्कचा व्हेल्व्हेट अंडरग्राउंड, आणि त्यांच्या १९६७ च्या पहिल्या अल्बममधला जॉन केलचा एकाच स्वरावर घोटाळणारा व्हायोला. केल त्याआधी संगीतकार ला मॉन्टे यंगच्या मंडळीत होता. तिथे एखादा स्वर किंवा स्वरसमूह तासन् तास धरून ठेवण्याचा प्रयोग चाले. आणि यंगला लांबवलेल्या स्वराचं वेड लागलं त्यामागे एक मोठं कारण होतं उस्ताद अली अकबर खाँ यांची १९५५ ची अमेरिकेत निघालेली ध्वनिमुद्रिका आणि तिच्यातला तानपुरा. पुढे १९७० पासून यंगने पंडित प्राणनाथ यांच्याकडे रीतसर तालीम घेतली. प्राणनाथ उस्ताद अब्दुल वहीद खाँचे शिष्य, म्हणजे किराणा घराण्याचे. या घराण्याचं नाव काढलं की मराठी माणसाला मिरज आणि पुणं आठवतं. बीटल्सनेही १९६६ च्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये तानपुरा वापरला होता. रॉकमधल्या स्वप्नाळू नादाच्या मुळाशी तो असा दोन वाटांनी पोचला.

हा संबंध केवळ वंशावळीपुरता नाही. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी लावली की एकेका तारेतून तिच्या उपस्वरांचा झरा सुटतो. खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. अँपमधलं डिस्टॉर्शन वेगळ्या मार्गाने तशाच ठिकाणी पोचतं. तेही स्वराला नवे उपस्वर जोडतं, आणि दोन स्वर एकत्र गेले तर त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवे स्वर निर्माण करतं. ‘लव्हलेस’ मोठ्या आवाजात ऐकताना कुणीही न वाजवलेल्या ओळी ऐकू येतात, त्या भास नसतात. तानपुऱ्याची आस कानात मुरलेली असेल त्या श्रोत्याला हा अल्बम परका वाटण्याचं कारण नाही. मी तर म्हणेन, अशा श्रोत्याला तो इंग्रजी पॉपवर वाढलेल्या श्रोत्याहून लवकर उमगेल.

आता समीक्षकांच्या उत्तरांकडे वळू. सायमन रेनल्ड्स याने ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकातून आणि १९९० च्या ‘ब्लिस्ड आउट’ या पुस्तकातून या संगीताचं सर्वांत गंभीर वाचन केलं. जॉय प्रेससोबत लिहिलेल्या ‘द सेक्स रिव्होल्ट्स’ (१९९५) मध्ये त्याने रॉकमधली बंडखोर, आक्रमक मर्दानगी एका बाजूला ठेवली आणि स्वतःच्या सीमा विरघळवून टाकण्याची आस दुसऱ्या बाजूला. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या दुसऱ्या बाजूला येतात. उदर, समुद्र, अर्भकाची अवस्था अशी ही परिभाषा आहे. तिच्या मागे फ्रॉइड आहे, आणि फ्रॉइडच्या मागे फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ. असीमाशी एकरूप झाल्याच्या अनुभवाला ‘सागरासारखी भावना’ हे नाव रोलाँने फ्रॉइडला १९२७ मध्ये लिहिलेल्या पत्रात दिलं. त्या काळात तो रामकृष्ण परमहंसांच्या चरित्राचा अभ्यास करत होता. फ्रॉइडने १९३० च्या ग्रंथात या भावनेची चर्चा केली आणि ती आपल्याला स्वतःत सापडत नाही असं कबूल करून तिचा उगम बाल्यावस्थेत दाखवला. म्हणजे दक्षिणेश्वरच्या एका साधकाचा अनुभव रोलाँ आणि फ्रॉइडमार्गे लंडनच्या रॉक समीक्षेत उतरला, पण वाटेत त्याचं रूप बदललं. रोलाँच्या लेखी ती प्रौढ साधनेची प्राप्ती होती. समीक्षेत ती मागे, उदराकडे जाणारी वाट झाली.

मला रोलाँची बाजू अधिक पटते. ‘लव्हलेस’ ऐकताना भान हरपत नाही, उलट ते ताणलं जातं. कान सतत काहीतरी वेगळं काढत असतो, जुळवत असतो. अर्भकाला हे जमणार नाही. शिवाय हे संगीत मऊ आहे ही समजूत त्याच्या मैफिलीला गेलेल्या कुणाचीही टिकत नाही. ‘यू मेड मी रिअलाइझ’ या गाण्याच्या मध्यावर हा बँड एकाच गोंगाटावर पंधरा-वीस मिनिटं थांबतो. २००८ मध्ये बँड पुन्हा मंचावर आला तेव्हा प्रेक्षकांना दारातच कानात घालायचे बोळे वाटले गेले. तो नाद छातीच्या पिंजऱ्यात जाणवतो. स्वप्नाळू याचा अर्थ निवांत असा घेतला की या प्रकारातलं निम्मं काम हिशेबातूनच सुटतं.

अमली पदार्थांचं उत्तर थोडक्यात आटोपता येतं. १९८८ नंतरच्या ब्रिटनमध्ये एक्स्टसी आणि रात्रभरचे नाच सगळीकडे होते, आणि ‘सून’ या शेवटच्या गाण्याचा ठेका तिथूनच आला. डीजे अँड्र्यू वेदरॉलने त्याचा रीमिक्सही केला. संगीतकार ब्रायन ईनोने चार्टवर चढलेलं सर्वांत अस्पष्ट संगीत म्हणून याच गाण्याची तारीफ केली होती. पण तो काळ ज्यांनी पाहिला नाही आणि चहाखेरीज काही घेतलं नाही, अशांनाही हे गाणं तितकंच धरून ठेवतं.

शब्द न कळण्याचा प्रश्न जास्त खोल आहे, आणि तो ‘लव्हलेस’पुरता नाही. स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथ या तेलशुद्धीकरणाच्या गावातून आलेल्या कॉक्टो ट्विन्सच्या एलिझाबेथ फ्रेझरने ऐंशीच्या दशकात असं गायन केलं की त्यातली भाषाच ओळखू येईना. अनोळखी भाषांतल्या पुस्तकांतून अर्थ न पाहता शब्द उचलायचे, तोडायचे, तोंडाला आवडतील तसे जोडायचे, ही तिची रीत. ‘ट्रेझर’ (१९८४) मध्ये ती शिखरावर आहे. मग १९९० चा ‘हेवन ऑर लास व्हेगास’ आला. फ्रेझर नुकतीच आई झाली होती. तिचा जोडीदार आणि गिटारवादक रॉबिन गथ्री व्यसनात रुतत चालला होता. बँडचा बेसवादक सायमन रेमंड याचे वडील त्याच काळात गेले. या अल्बममध्ये तिचे शब्द पहिल्यांदा अधूनमधून स्पष्ट कळतात. दाट धुक्यात मधूनच ओळखीचा चेहरा दिसावा तसे ते येतात. आणि त्यामुळे अल्बमचं गूढ कमी होत नाही, वाढतं, कारण आता अस्पष्टता ही तिची निवड आहे हे कळतं: काय सांगायचं आणि काय स्वतःपाशी ठेवायचं. ब्रिटनमध्ये हा अल्बम सातव्या क्रमांकावर पोचला. या प्रकारातला मला सर्वांत पूर्ण वाटणारा अल्बम हाच आहे. ‘लव्हलेस’चा क्रम त्याच्यानंतर.

जपानच्या फिशमन्सचं उदाहरण याहून विलक्षण. टोकियोच्या या बँडने १९९६ मध्ये ‘लाँग सीझन’ काढला: सुमारे ३५ मिनिटांचं एकच गाणं. डबच्या वळणाचा खोल बेस, पाण्यासारखं पियानोचं आवर्तन, व्हायोलिन, आणि शिंजी सातोचा उंच, किशोरवयीन वाटणारा आवाज. सातो मार्च १९९९ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी गेला. त्या वेळी जपानबाहेर त्यांना ओळखणारे विरळा होते. पुढच्या दोन दशकांत जपानीचा एक शब्दही न येणाऱ्या जगभरच्या तरुण श्रोत्यांनी हा बँड शोधला. डिसेंबर १९९८ च्या, सातोसोबतच्या त्यांच्या शेवटच्या मैफिलीचं ध्वनिमुद्रण आज सर्वोत्तम लाइव्ह अल्बमांत गणलं जातं. शब्दांवाचून पोचणारं काय असतं, याचा असा पुरावा प्रयोगशाळेतही मिळाला नसता. ‘लाँग सीझन’मध्ये ते काय आहे, हे नेमकं दाखवता येतं. एकच छोटं आवर्तन पुन्हा पुन्हा येतं आणि प्रत्येक वेळी त्याच्याभोवतीचं काहीतरी बदललेलं असतं. ऐकणारा ओळख आणि अनोळख यांच्या सीमेवर अर्धा तास राहतो.

पलायनाचा आरोप सर्वांत जास्त भोगला तो स्लोडाइव्हने. रेडिंगच्या या बँडचा ‘सूव्लाकी’ १९९३ मध्ये आला तेव्हा ब्रिटिश संगीतपत्रांचा मोहरा फिरला होता. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी या पोरांना डोक्यावर घेतलं, तीच पत्रं आता त्यांना मध्यमवर्गीय घरातली, पायाशी ठेवलेल्या पेडलांकडे बघत उभी राहणारी, जगाशी देणंघेणं नसलेली मुलं म्हणू लागली. हा अल्बम पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीच्या टबात बुडून मरणं पत्करेन, अशा आशयाचं परीक्षण ‘मेलडी मेकर’मध्ये छापून आलं. नील हॉल्स्टेड आणि रेचल गॉसवेल यांचं नातं त्याच सुमारास तुटलं होतं. अल्बममध्ये ते दुःख उघडपणे आहे. ईनोने काही दिवस त्यांच्याबरोबर काम केलं आणि ‘सिंग’ हे गाणं त्यातून तयार झालं. १९९५ मध्ये ‘पिग्मेलियन’ हा आणखी विरळ, धाडसी अल्बम देताच क्रिएशनने त्यांना सोडलं. कंपनीकडे तोवर ओएसिस होता, आणि देशाला मोठ्याने, एकत्र म्हणता येतील अशी गाणी हवी होती.

हा आरोप मला तेव्हाही अन्यायाचा वाटला असता, आजही वाटतो. ज्या संगीतात स्पष्ट घोषणा नाही त्याला जगाशी संबंध नाही, असं म्हणणाऱ्यांनी ‘सूव्लाकी’मधला विरह ऐकलाच नाही. काळाने निवाडा दुसऱ्या बाजूने दिला. २०१४ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला, २०१७ आणि २०२३ मध्ये नवे अल्बम निघाले, आणि ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहात गेला. मैफिलींना गर्दी करणाऱ्यांत ‘सूव्लाकी’ निघाला तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी मुलंमुली मोठ्या संख्येने असतात. टिकटॉकवरच्या तुकड्यांतून त्यांना ‘अॅलिसन’ आणि ‘व्हेन द सन हिट्स’ सापडली. त्यांच्याआधीच्या एका पिढीला हे दार सोफिया कपोलाच्या ‘लॉस्ट इन ट्रान्स्लेशन’ (२००३) या चित्रपटाने उघडून दिलं होतं. त्यात टोकियोतून रात्री धावणाऱ्या टॅक्सीच्या दृश्यावर ‘लव्हलेस’मधलं ‘समटाइम्स’ वाजतं.

या नव्या लाटेत एक धोकाही आहे. स्ट्रीमिंगच्या याद्यांनी झोपेसाठी, अभ्यासासाठी, पावसाळी दुपारसाठी म्हणून हे संगीत वाटून दिलं आहे. तिथे रिव्हर्बमध्ये बुडवलेली, एकमेकांपासून वेगळी न ओळखता येणारी गाणी ओळीने येतात. त्यांत शोधायला काहीच ठेवलेलं नसतं. बॉल्टिमोरच्या बीच हाउसचंही ‘स्पेस साँग’ या याद्यांतूनच घरोघरी पोचलं, आणि त्यामुळे व्हिक्टोरिया लग्रां आणि ॲलेक्स स्कॅली यांच्या शिस्तीकडे दुर्लक्ष होतं. जुना ऑर्गन, जुनी ड्रम मशीन, मोजकी गिटार यांच्याभोवती त्यांनी ‘टीन ड्रीम’ (२०१०) आणि ‘ब्लूम’ (२०१२) उभे केले. दोन्हींत प्रत्येक गाण्याची चाल दुसऱ्या दिवशीही आठवते. दुसऱ्या टोकाला सोलचा, स्वतःचं नाव न सांगणारा परान्नूल. त्याने २०२१ चा ‘टु सी द नेक्स्ट पार्ट ऑफ द ड्रीम’ घरी, एकट्याने, संगणकातल्या आभासी वाद्यांवर केला. १९ स्टुडिओ नाहीत, महागडं यंत्र नाही. आवाज फुटतो, मिक्सिंग ओबडधोबड आहे. तरीही तो ‘लव्हलेस’च्या घराण्यातला आहे, कारण गोंगाटाच्या आत त्याने खरी, जिवाला लागणारी गाणी ठेवली आहेत.

कुणाला इथून पुढे ऐकायचं असेल तर माझा क्रम असा राहील. आधी ‘हेवन ऑर लास व्हेगास’, कारण त्यातल्या चाली ताबडतोब भेटतात. मग ‘सूव्लाकी’. ‘लव्हलेस’ तिसरा ठेवावा, आणि तो फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकू नये. चांगले हेडफोन किंवा घरातले मोठे स्पीकर, आवाज नेहमीपेक्षा थोडा वर, आणि ४८ मिनिटं सलग. गाण्यांच्या मधले छोटे नादतुकडेही अल्बमचा भाग आहेत, त्यामुळे गाणी सुटी काढून ऐकल्यास रचना मोडते. पहिल्या खेपेला ‘ओन्ली शॅलो’च्या गिटारांनी दडपल्यासारखं झालं तर थांबू नये. दुसऱ्या खेपेला सगळं लक्ष बुचरच्या आवाजावर ठेवावं, तिसऱ्या खेपेला बेसवर. ‘लाँग सीझन’ त्यानंतर, आणि तोही मध्ये न थांबता.